दिवा लावणारा हात, सही करणारा हात

मागच्या लेखात आपण कायद्याच्या भाषेतली 'हयगय' आणि 'बेदरकारपणा' यांतला फरक पाहिला. लेख जरा कोरडा झाला, मान्य. या वेळी प्रबंधातल्या एका ठोस प्रश्नावर येते. घरात, दुकानात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये एका वायरमनने दिव्यांचं काम केलं. काही काळाने त्याच वायरिंगमधून आग लागली. तो वायरमन कायद्याने किती जबाबदार?

हा प्रश्न मुळात माझा नाही, कोलाडच्या एका वायरमनचा आहे. आंबेवाडी नाक्यावर चहा पिताना त्याने विचारला होता, "ताई, मी पाच वर्षांपूर्वी केलेल्या फिटिंगला उद्या आग लागली, तर मला धरतील का?" मी "ते अवलंबून आहे" असं छापील उत्तर दिलं. तो हसून बोलला, "म्हणजे धरतील." हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर. आणि ते शोधताना आपल्या कायद्याबद्दल माझं जे मत झालं, तेही.

आधी जागा समजून घ्या. कोलाड रोहा तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर. बाहेरच्यांना ते माहीत आहे कुंडलिकेतल्या राफ्टिंगमुळे. हे राफ्टिंग चालतं भिऱ्याच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. केंद्र १९२७ चं, पाणी मुळशीच्या धरणाचं. म्हणजे वीज काढून घेतलेल्या पाण्यावर इथला पर्यटनाचा धंदा तरंगतो, आणि संध्याकाळ झाली की तोच धंदा विजेच्या माळांनी उजळतो. झाडांना गुंडाळलेल्या माळा, बांबूच्या शेडखाली लोंबणारे बल्ब, खोल्यांच्या पीओपीत लपवलेल्या स्ट्रिप. गणपतीत प्रत्येक घरी मखराला रोषणाई. आणि वर्षातले चार महिने असा पाऊस, की भिंतीला हात लावला तर ओला होतो. बांबू, ताडपत्री, कापड, ओल आणि दिवे एकत्र आले की काय होऊ शकतं, ते सांगायला प्रबंधाची गरज नाही.

त्याच वायरमनचं दुसरं एक वाक्य माझ्या वहीत आहे. मी त्याला विचारलं होतं, की लाइटीच्या कामाचा काही कागद करता का. तो बोलला, "लाइटीचं काम नसतं ताई, पॉइंट असतो." पॉइंटमागे दर ठरलेला, पॉइंट मोजायचे, पैसे घ्यायचे, विषय संपला. मला वाटलं, ही त्याची बेफिकिरी. नंतर नियम उघडून बसले तेव्हा कळलं की कायदाही जवळपास हेच म्हणतो.

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधला नियम ४५ पाहा. त्याचा गाभा असा: विजेच्या मांडणीचं कोणतंही काम, मग ते नवं असो, वाढीव असो वा दुरुस्तीचं, राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली करायचं, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा. नियम उत्तम आहे. पण त्यातच एक अपवाद आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलणं यातून वगळलं आहे, मात्र त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप मुळीच बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षाविषयक विनियम आले, तेव्हा हाच मजकूर जवळपास तसाच विनियम २९ मध्ये बसला. त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली, गाभा तोच राहिला.

१९५६ साली हा अपवाद शहाणपणाचाच होता. दिवा म्हणजे बल्ब. होल्डरमध्ये घालायचा, जरा दाबून फिरवायचा. त्यासाठी परवानाधारक ठेकेदार बोलवा म्हणणारा कायदा कोणी पाळला नसता. पण नियमाच्या डोक्यातला दिवा होल्डरपाशी संपतो. आजचा दिवा होल्डरपाशी सुरू होतो. जुनी ट्यूब काढली, तिच्याच पॉइंटवरून पीओपीच्या आत ड्रायव्हर टाकला, तिथून वीस मीटर स्ट्रिप फिरवली, मध्ये चार ठिकाणी जॉइंट मारले आणि वर छत बंद केलं. हे 'दिवा बदलणं' झालं का? क्षमता म्हणाल तर कागदावर कदाचित कमीच झाली, कारण एलईडीला वीज कमी लागते. स्वरूप? आधी उघडं असलेलं, दिसणारं फिटिंग आता बंद पोकळीत गेलं, जिथं उष्णता बाहेर पडत नाही आणि कोणाची नजरही पोचत नाही. माझ्या मते स्वरूप शंभर टक्के बदललं. पण 'स्वरूप' मोजायचं कशाने, ते नियमात नाही. त्यामुळे काम करणारा आणि करून घेणारा दोघंही प्रामाणिकपणे म्हणू शकतात, की आम्ही फक्त लाइट बदलली.

याची उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर टीका एकांगी होईल. अपवाद आहे तो परवाना असलेल्या माणसाच्या सक्तीपुरता. म्हणजे काम कसंही करा, अशी मुभा नाही. त्याच विनियमांत सर्वसाधारण कर्तव्य आहे, की सगळ्या तारा आणि उपकरणं पुरेशा क्षमतेची असावीत, आणि माणसं, जनावरं, मालमत्ता सुरक्षित राहील अशा रीतीने ती बसवावीत, सांभाळावीत. पण वाक्याचा कर्ता शोधा. ते कर्मणी प्रयोगात आहे. 'बसवली जावीत.' कोणी? रोजच्या व्यवहारात उत्तर मालकापाशी येऊन थांबतं, आणि मालक वायरमनकडे बोट दाखवतो.

आता सहीकडे येऊ. नवीन मीटर घेताना महावितरणला टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही असते. नियम ४५ च्या पुढच्याच भागात म्हटलं होतं, की नियम मोडून केलेलं काम पुरवठ्याला जोडायचं नाही. म्हणजे कायद्याने एक दरवाजा बांधला: वीज जोडण्याचा क्षण. त्या दरवाज्यावर कागद तपासला जातो. पण हा कागद कसा तयार होतो, ते ज्याने कधी घर बांधलं आहे त्याला विचारा. फिटिंग करतो गावातला पोरगा, बहुतेक वेळा चांगला, कधी आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेला, कधी उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. सही करतो तालुक्याला बसलेला परवानाधारक, ज्याने घर पाहिलेलंही नसतं. सहीचा दर ठरलेला. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. स्वतः येऊन मेगर लावून तपासणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. पण ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी कोणालाही 'सहीवाला' हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

तर तुकडे पडतात ते असे. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने हात लावला नाही. ज्याने हात लावला त्याचं नाव कुठे नाही. आणि दरवाजा एकदाच उघडतो. मीटर लागल्यानंतर पुढची तीस वर्षं त्या घरात जी भर पडते, झुंबर, स्ट्रिप, अंगणातल्या माळा, लाइटच्या पॉइंटवरून ओढलेला गिझरचा प्लग, त्यातली बहुतेक कुठल्याच कागदावर येत नाही.

आगीची जबाबदारी ठरवताना हे महत्त्वाचं का, ते समजायला थोडं विज्ञान हवं. घाबरू नका, एक गुणाकार आहे.

दिव्यांच्या आगीत सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं 'शॉर्टसर्किट'चं. आपल्या बातमीची भाषा बघा: शॉर्टसर्किटमुळे आग लागली. आग 'लागली', कोणी 'लावली' नाही. वाक्य पूर्ण, कर्ता गायब. पण फेज आणि न्यूट्रल सरळ एकमेकांना चिकटले तर करंट एकदम प्रचंड वाढतो आणि एमसीबी क्षणात पडतो. एमसीबी त्यासाठीच असतो. खरा गुन्हेगार अनेकदा वेगळा आणि शांत असतो: सैल जॉइंट. दोन तारा पिळल्या, वर टेप गुंडाळली. काही वर्षांत ओलीने तांबं काळं पडलं, पीळ सैल झाला, सांध्याचा रोध वाढला. समजा तो एक ओहम झाला आणि त्यातून पाच अँपिअर जातात. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध: पाच गुणिले पाच गुणिले एक, पंचवीस वॅट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कथील वितळवणारी छोटी सोल्डरिंग आयर्न असते ना, तीही पंचवीस वॅटची मिळते. वाटाण्याएवढ्या जागेत, टेपच्या आत, लाकडी पट्टीवर किंवा पीओपीमागच्या प्लायवर तेवढी उष्णता तासन्‌तास. आणि एमसीबी पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही. पाच अँपिअर म्हणजे नेहमीचाच भार.

नुसते एलईडी असतील तर त्या सांध्यातून पाच अँपिअर जाणार नाहीत, हा आक्षेप बरोबर आहे. एक माळ वीसेक वॅटची, करंट एक दशांश अँपिअरही नाही. पण लाइटच्या सर्किटवर फक्त दिवे असतात, हा समज एकदा पाहुणचाराच्या धंद्यातल्या खोलीत जाऊन तपासा. तिथं इस्त्री, केटल, चार्जर सगळं त्याच वायरवर सापडतं.

विज्ञानातून कायद्यासाठी निघणारी गोष्ट ही: अशी आग क्षणात होत नाही. जॉइंट मारला त्या दिवशी ती पेरली जाते आणि उगवते पाच वर्षांनी. आपला फौजदारी कायदा मात्र क्षणांचा कायदा आहे.

हे मी उगीच म्हणत नाही. हयगयीने झालेल्या मृत्यूचं कलम, जुन्या दंडसंहितेत ३०४-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, न्यायालयं कसं वाचतात त्याचा एक धागा मुंबईत सुरू होतो. १९०२ मध्ये ओंकार रामप्रताप खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी कसोटी घातली: आरोपीची कृती मृत्यूचं थेट, निकटचं कारण हवी, आणि मध्ये दुसऱ्या कोणाची हयगय आलेली नसावी. 'हे झालं नसतं तर तेही झालं नसतं' एवढं पुरत नाही. आरोपीच्या कृतीने ते 'घडवलेलं' असलं पाहिजे.

ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने आगीच्याच प्रकरणात लावली, तेही मुंबईच्या. कुरबान हुसेन मोहम्मदअली रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६५. रंग-वार्निशचा कारखाना. परवाना एका पद्धतीचा, काम दुसऱ्या पद्धतीने. जिथं टर्पेंटाइन साठवलं होतं त्याच खोलीत राळ वितळवायचे पेटते बर्नर. २० एप्रिल १९६२ ला एका कामगाराने राळ पुरेशी निवायच्या आत टर्पेंटाइन ओतलं, ते उतू गेलं, भडका उडाला. सात कामगार जळून मेले. न्यायालय म्हणालं, मृत्यूंचं निकटचं कारण त्या कामगाराचं घाईने ओतणं आहे. बर्नर आणि टर्पेंटाइन एका खोलीत ठेवू देणाऱ्या भागीदाराला ३०४-अ लागू होत नाही. आगीबाबत हयगयीचं कलम २८५ तेवढं टिकलं.

मी हा निकाल अनेकदा वाचला, आणि दर वेळी तो मला पटता पटता राहतो. फौजदारी कायद्याने सैल जाळं टाकू नये, हे बरोबर. पण इथं काय झालं बघा. धोक्याची मांडणी करणारा सुटला, कारण त्या मांडणीत शेवटचा हात दुसऱ्याचा होता. बर्नर आणि टर्पेंटाइन शेजारी ठेवण्याची मांडणी म्हणजेच कोणीतरी कधीतरी घाई करणार याची वाट पाहणं. माणूस घाई करतो, हे गृहीत धरूनच सुरक्षेचे नियम लिहिलेले असतात. त्या घाईलाच 'मध्ये आलेलं कारण' म्हटलं, तर नियम लिहायचे कशाला?

आता या कसोटीवर आपला पाच वर्षांपूर्वीचा जॉइंट ठेवा. मध्ये काय काय आलं? मालकाने त्याच वायरवर केटल लावली. पावसाची ओल. उंदराने वायर कुरतडली. पडदा दिव्याला टेकला. दर गोष्ट एक मध्यस्थ कारण. साखळी इतकी लांब, की वायरमनपर्यंत परत जाणं फौजदारी न्यायालयात जवळजवळ अशक्य. म्हणजे माझ्या वायरमनदादाला पहिलं उत्तर: नाही, पाच वर्षांनी तुम्हाला दोषी ठरवणं फार कठीण आहे. ऐकायला बरं वाटतं. पण हेच उत्तर ज्याचं घर जळलं त्याच्या बाजूने वाचा.

याच्या शेजारी उपहार ठेवू या. दिल्ली, १३ जून १९९७. सिनेमागृहाच्या तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला सकाळी आग लागली होती. वीज मंडळाच्या माणसांनी केबलचे सॉकेट बदलले, पण क्रिम्पिंग मशीन न वापरता डाय आणि हातोडीने ठोकून. साडेअकराला पुरवठा सुरू झाला. संध्याकाळी पाचच्या सुमारास तीच जोडणी सुटली, ठिणग्या, तेल, धूर. ५९ माणसं गेली. तिथं दुरुस्ती करणारा फिटर दोषी ठरला. सैल जोडणीच, पण अंतर पाच तासांचं.

दोन प्रकरणं अशी शेजारी ठेवली की विचित्र निष्कर्ष निघतो. जो जॉइंट इतका वाईट आहे की संध्याकाळपर्यंत टिकत नाही, त्याचा करणारा सापडतो. जो पाच वर्षं कसाबसा तग धरून मग जळतो, त्याचा करणारा निसटतो. वाईटपणा दोन्हीकडे त्याच जातीचा, फरक फक्त घड्याळाचा.

उपहारमध्ये चांगलंही काही झालं, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. मालकांचा बचाव नेमका कुरबान हुसेनवर उभा होता: आग वीज मंडळाच्या माणसांमुळे लागली, आम्ही निकटचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो फेटाळला. माणसं भाजून नाही, गुदमरून गेली, आणि गुदमरली कारण बाहेर पडायच्या वाटा नीट नव्हत्या. म्हणजे मृत्यूचं निकटचं कारण मालकांनी केलेला नियमभंगच. कसोटी तीच, पण न्यायालयाने 'आग कशाने लागली' ऐवजी 'माणसं कशाने मेली' हा प्रश्न विचारला आणि उत्तर बदललं. फिटर आणि मालक दोघंही एकाच वेळी निकटचं कारण असू शकतात, हे त्यातून दिसलं. माझ्या मते गेल्या साठ वर्षांतला या धाग्यातला हा सगळ्यात शहाणा टाका आहे.

पण त्यासाठी ५९ माणसं जावी लागली. कोलाडच्या रिसॉर्टची एक शेड जळते, एखाद्याचं दुकान जळतं, माणूस जात नाही, तेव्हा काय? भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं. जुन्या कायद्यात दोन होती. मृत्यू नसेल तर उरतं कलम २८७, आगीबाबत हयगय: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जॉइंट तोच, टेप तीच. वायरमनच्या शिक्षेत एवढी दरी पडते ती त्या रात्री आत कोणी झोपलं होतं की नाही, यावरून. दुसरं उत्तर हे, दादा.

आणि दोष सिद्ध होणं ही झाली शेवटची पायरी. धरपकड त्याच्या खूप आधी होते, आणि तेव्हा कसोट्या कोणी वाचत नाही. जो जवळ असतो तो धरला जातो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. गुन्हा नोंदला गेला तो परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण गेले. अटक झाली डॉक्टर आणि परिचारिकांना. त्या प्रकरणांच्या गुणदोषांत मी जात नाही, आणि ती दिव्यांची प्रकरणंही नाहीत. मुद्दा एवढाच, की विजेच्या आगीनंतर आपली यंत्रणा आधी त्या क्षणी तिथं असलेल्या माणसाकडे जाते. भिंतीच्या आतल्या वायरीचा इतिहास कोणी मागत नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नसतो.

पुराव्याचा प्रश्न तर आणखी अवघड. जळलेल्या जागी तांब्याच्या तारेवर वितळलेला मणी सापडला की पंचनाम्यात 'शॉर्टसर्किट' येतं. पण आग दुसऱ्याच कशाने लागली, तिने वायरचं प्लास्टिक जाळलं आणि मग तारा चिकटल्या, तरी असाच मणी होतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, ते बारकाईने तपासावं लागतं. वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षक चौकशी करू शकतो, पण ते कलम जागं होतं माणसाला किंवा जनावराला इजा झाली, किंवा होण्यासारखी होती तर. नुसत्या जळलेल्या मालाची चौकशी बहुधा विम्याचा सर्व्हेअर करतो, तीही विमा असला तर.

दिवाणी बाजू थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली वायरमनचं काम ही सेवा आहे, सदोष सेवेबद्दल अलिबागच्या जिल्हा आयोगात जाता येतं. सदोष ड्रायव्हर किंवा माळ असेल तर उत्पादक-विक्रेत्यावर त्याच कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण आहे. चांगला कायदा. पण सेवा घेतल्याचा, पैसे दिल्याचा पुरावा? रोख दिले, बिल नाही. माळ बाजारातून आणली, खोक्यावर कंपनीचं नावच नाही.

इथं मी इंग्लंडकडे पाहते, त्यांची री ओढायला नाही, एका बारीक फरकासाठी. तिथं २००५ पासून बांधकाम नियमांचा 'भाग पी' घरगुती वायरिंगला लागू आहे. गंमत म्हणजे तिथंही दिव्याचं फिटिंग बदललं तर स्थानिक प्रशासनाला कळवावं लागत नाही. अपवाद त्यांच्याकडेही आहे. पण तो कळवण्यापुरता. कामाच्या दर्जाची अट सुटत नाही, आणि छोट्या कामासाठीही प्रमाणपत्र द्यायची रीत आहे: काय केलं, कोणत्या सर्किटवर, कोणत्या चाचण्या घेतल्या, कोणी. एक-दोन पानी कागद. त्यामुळे पाच वर्षांनी प्रश्न 'कोणी केलं' पाशी अडत नाही. तिथून पुढे 'तेव्हा ते कसं होतं' आणि 'नंतर कोणी काय बदललं' हे विचारता येतं.

तेव्हा माझी टीका शिक्षा वाढवा अशी नाही. दोनाची पाच वर्षं केल्याने एकही जॉइंट घट्ट होत नाही. उलट परवाना नसलेला चांगला कारागीर आणखी लपून काम करेल. माझं म्हणणं अपवादाबद्दल आहे. 'क्षमता किंवा स्वरूप' याऐवजी साधी, दिसणारी रेघ ओढा: नवा जॉइंट मारला, बंद पोकळीत काही टाकलं किंवा सर्किट लांबवलं, की ते 'बदलणं' नाही, 'काम' आहे. आणि प्रत्येक कामाची बोर्डाच्या झाकणाआत एक चिठ्ठी: तारीख, वायर किती एमएमची, कशासाठी, कोणाचा हात.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी यावर लगेच विचारलं, "सही विकली जाते, तर चिठ्ठी विकली जाणार नाही का?" जाईल, काही ठिकाणी. पण सही महावितरणच्या फायलीत जाते, ती पुन्हा कोणी पाहत नाही. चिठ्ठी त्याच घरात राहते, आणि पुढचा वायरमन झाकण उघडतो तेव्हा ती पहिल्यांदा वाचतो. एका कारागिराचं काम दुसरा कारागीर वाचतो, हा वचक फाइलपेक्षा जास्त असतो असा माझा अनुभव आहे. शिवाय चिठ्ठी हातालाही वाचवते. नंतर कोणी केटल लावली, गिझर ओढला, तर 'मी सोडून गेलो तेव्हा हे नव्हतं' असं म्हणायला आज वायरमनकडे काहीच नाही. पाच वर्षांनंतरची फौजदारी कसोटी त्याला कदाचित सोडवेल, पण त्याआधी पोलीस स्टेशनच्या बाकावर गेलेले दिवस परत देणार नाही.

हे सगळं मी त्याला पुढच्या भेटीत सांगितलं, बरंच कमी शब्दांत. त्याने ऐकलं आणि विचारलं, "आणि सहीवाल्याला कोण धरणार?" प्रश्न रास्त आहे. न पाहता सही करणं म्हणजे खोटं प्रमाणपत्र देणं, आणि त्याची जबाबदारी जॉइंट मारणाऱ्याच्या आधी यायला हवी, कारण विश्वास त्या सहीवर ठेवलेला असतो. पण आगीनंतर टेस्ट रिपोर्ट बाहेर काढून सही करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला गेला, असं प्रकरण मी वाचलेल्या निकालांत अजून भेटलेलं नाही. सध्या तेच शोधते आहे.

त्यासाठी तुमची थोडी मदत हवी. तुमच्या घराच्या मीटरच्या वेळचा टेस्ट रिपोर्ट कागदपत्रांत असेल तर काढून बघा. त्यावर सही कोणाची आहे, आणि वायरिंग प्रत्यक्ष कोणी केलं होतं, हे दोन्ही घरातल्या कोणाला आठवतं का? आठवत असेल तर नावं न देता मला एवढंच कळवा, की माणूस एकच होता की दोन.